कार्ड १,८५० रुपयांचे, ड्रायव्हर कर्नलमधला: जुन्या लॅपटॉपमध्ये इंटेल एएक्स २१०

इंटेलचे एएक्स २१० हे वाय-फाय कार्ड २०२० च्या अखेरीस बाजारात आले. त्यानंतर वाय-फाय ७ ची कार्डेही आली, त्यामुळे इतक्या जुन्या वस्तूचे परीक्षण आता कशासाठी, असे कोणी विचारले तर ते वावगे ठरणार नाही. माझे म्हणणे असे, की विंडोजऐवजी लिनक्स चालवणाऱ्याच्या दृष्टीने नेटवर्क कार्ड थोडे जुने असणे हा गुण आहे, कारण तोवर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, चांगला मुरलेला असतो. हे कार्ड मी गेले काही महिने रोज आठ-दहा तास वापरतो आहे, आणि त्याआधी काही आठवडे दुसऱ्या एका कार्डाच्या ड्रायव्हरशी झुंजण्यात घालवले आहेत. पहिल्या अनुभवाची किंमत दुसऱ्यामुळे कळली, म्हणून या परीक्षणात दोन्ही येतील.

माझा लॅपटॉप २०१६ सालचा, इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर असलेला आहे. घरी बसून मुद्रितशोधन आणि अक्षरजुळणी करण्यासाठी तो आजही पुरेसा आहे, परंतु विंडोज ११ च्या अटींत तो बसत नाही, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा आधार संपला. चालते यंत्र भंगारात घालण्याचे कारण मला दिसेना, म्हणून त्यावर डेबियन १३ हे लिनक्सचे वितरण चढवले. पडदा, आवाज, कळफलक, देवनागरी टंकलेखन, छपाईयंत्र हे सगळे पहिल्याच दिवशी चालू झाले. वाय-फाय मात्र नव्हतेच. जोडणी तुटते आहे किंवा वेग कमी आहे अशातला प्रकार नव्हता. नेटवर्कच्या यादीत वायरलेस हा शब्दच उमटत नव्हता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. संगणकाच्या पीसीआय मार्गिकेवरील प्रत्येक कार्ड स्वतःची ओळख दोन आकड्यांनी सांगते: पहिला आकडा बनवणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा त्या नमुन्याचा. कर्नलमधील प्रत्येक ड्रायव्हरजवळ आपण कोणकोणते आकडे सांभाळू शकतो याची यादी असते. जुळणी झाली की तो ड्रायव्हर आपोआप चढतो. ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘एनएनके’ या पर्यायासह चालवली, की कार्डाचे हे दोन आकडे आणि त्याखाली त्या कार्डासाठी वापरात असलेल्या कर्नल ड्रायव्हरचे नाव सांगणारी ओळ दिसते. माझ्या जुन्या कार्डाचे आकडे दिसत होते, पण ड्रायव्हरची ओळ नव्हती. कार्ड जिवंत होते, पण त्याची भाषा समजणारे कर्नलमध्ये कोणी नव्हते. वाय-फाय चालत नसल्यास सगळ्यात आधी ही ओळ पाहावी, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. ती नसेल तर राउटर बंद-चालू करण्यात आणि पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकण्यात काही अर्थ नसतो.

त्या कार्डाच्या चिपचा ड्रायव्हर कर्नलबाहेर, वेगळ्या पॅकेजच्या रूपात मिळतो. बनवणाऱ्या कंपनीचे नाव येथे घेत नाही. त्या पॅकेजचा गाभा कंपनीने आधीच बांधून दिलेला आणि उघडून न पाहता येणारा आहे, आणि त्याच्याभोवती कर्नलशी जुळवून घेणारा थोडासा उघडा कोड आहे. कंपनीने स्वतः त्याकडे पाहणे केव्हाच सोडले असून वितरणांचे स्वयंसेवक ठिगळे लावून तो चालता ठेवतात. हे पॅकेज उतरवून घ्यायला इंटरनेट लागते आणि इंटरनेट मिळवायला हे पॅकेज लागते. माझ्या लॅपटॉपला वायरच्या नेटवर्कचे भोकही नाही. या पेचातून अँड्रॉइड फोनने सोडवले. फोन डेटा-केबलने लॅपटॉपला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केले, की लिनक्सला तो वायरच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतो. फोन स्वतः घरच्या वाय-फायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. याच कामासाठी पूर्वी लोक शेजाऱ्याच्या संगणकावरून पेनड्राइव्हमध्ये पॅकेजे भरून आणत असत, आणि त्यातले एखादे हटकून राहून जात असे.

पुढे डीकेएमएस नावाच्या व्यवस्थेशी गाठ पडली. कर्नलबाहेरचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा ड्रायव्हरसारखा तुकडा, प्रत्येक नव्या कर्नलबरोबर आपोआप पुन्हा बांधून देणारी ही व्यवस्था डेल कंपनीत २००३ साली तयार झाली, आणि कल्पना म्हणून ती उत्तम आहे. तिच्यासाठी कोडपासून प्रोग्राम बांधणारा कंपायलर लागतो आणि चालू कर्नलशी तंतोतंत जुळणारी हेडर्स, म्हणजे त्याच्या आतल्या रचनेची माहिती देणाऱ्या फाइली, याही लागतात. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड रोखणारी सोय, सुरू असेल तर आणखी एक पायरी वाढते: घरी बांधलेल्या मॉड्यूलवर सही करणारी किल्ली ‘मोकयुटिल’ने नोंदवावी लागते, तात्पुरता पासवर्ड ठरवावा लागतो, आणि पुन्हा सुरू करताना काही सेकंदच दिसणाऱ्या निळ्या पडद्यावर तो टाकून संमती द्यावी लागते. तो पडदा पहिल्या वेळी मी कळ न दाबता जाऊ दिला आणि सगळे पुन्हा केले. अखेर तासाभराने वाय-फाय आले, त्या संध्याकाळी मला जिंकल्यासारखे वाटले.

ते वाटणे कर्नल पुढच्या वेळी अद्ययावत होईपर्यंत टिकले. एका सकाळी छापखान्याला फाइल पाठवायची असताना वाय-फाय पुन्हा नाहीसे झाले. यात चूक माझी होती. मी चालू कर्नलची तेवढी हेडर्स बसवली होती. नव्या कर्नलबरोबर नवी हेडर्स ओढून आणणारे सामूहिक पॅकेज बसवले नव्हते. हेडर्स नाहीत म्हणून डीकेएमएसने मॉड्यूल बांधले नाही, आणि त्याबद्दलची सूचना शेकडो ओळींच्या गर्दीत वाहून गेली. ती चूक सुधारली. मग काही आठवड्यांनी हौसेने डेबियनच्या बॅकपोर्ट्स या नव्या आवृत्त्या देणाऱ्या विभागातला नवा कर्नल घेतला, आणि या वेळी हेडर्स असूनही मॉड्यूल बांधले गेले नाही, कारण कर्नलच्या अंतर्गत रचनेत बदल झाला होता आणि ड्रायव्हरला तो ठाऊक नव्हता.

याचा दोष कर्नलला देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. लिनक्स कर्नलचे कर्ते बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द कटाक्षाने पाळतात, मात्र कर्नलच्या आतल्या फंक्शनांची रूपे स्थिर ठेवण्याचे वचन त्यांनी कधीच दिलेले नाही. आतले काही बदलायचे झाले की बदल करणाराच कर्नलमधल्या सगळ्या ड्रायव्हरांत तो करून देतो. घरात राहणाऱ्याची भिंत घरमालक रंगवून देतो. बाहेर राहणाऱ्याने आपले आपण पाहायचे. त्यामुळे नेटवर्क कार्ड घेताना वेग, अँटेना, ब्लूटूथची आवृत्ती यांआधी एकच गोष्ट पाहायची, असे मी त्या दिवशी ठरवले: त्याचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आहे की नाही.

मधल्या काळात एक छोटा यूएसबी वाय-फाय डोंगलही आणून पाहिला. खोक्यावर पेंग्विनचे, म्हणजे लिनक्सच्या बोधचिन्हाचे, चित्र होते. जोडल्यावर तो लिनक्सला वाय-फाय कार्ड म्हणून न दिसता सीडी ड्राइव्ह म्हणून दिसला, आणि त्या काल्पनिक सीडीत विंडोजचा ड्रायव्हर होता. असे डोंगल ‘यूएसबी मोडस्विच’ या पॅकेजने सीडीच्या सोंगातून बाहेर काढता येतात, तसा तोही निघाला, पण मग त्याच्या चिपसाठी पुन्हा कर्नलबाहेरचाच ड्रायव्हर हवा होता. मी तो दुसऱ्या दिवशी परत केला. खोक्यावरच्या पेंग्विनवर विश्वास ठेवू नये, एवढे मात्र शिकलो.

एएक्स २१० निवडण्याचे कारण त्याचा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ हा ड्रायव्हर. तो इंटेलचेच अभियंते लिहितात आणि मूळ कर्नलमध्येच ठेवतात. लिनक्सच्या वायरलेस पायाची, म्हणजे ‘मॅक८०२११’ची, अनेक वर्षे देखभाल करणारे योहानेस बेर्ग हे इंटेलच्याच नोकरीत आहेत. एएक्स २१० साठी कर्नल ५.१० किंवा त्यापुढचा लागतो, आणि तो डिसेंबर २०२० मध्ये आला. म्हणजे डेबियन ११, उबुंटू २२.०४, लिनक्स मिंट २१ किंवा त्यानंतरचे काहीही असेल तर ड्रायव्हरची चिंता उरत नाही. उबुंटू २०.०४ च्या मूळ ५.४ कर्नलवर मात्र हे कार्ड चालत नाही, तेथे आधी कर्नल बदलावा लागतो.

खरेदीसाठी डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. ऑनलाइनही कार्ड मिळते, परंतु या कार्डाच्या बाबतीत नावात एका आकड्याचा घोळ आहे आणि वस्तू हातात घेऊन पाहिलेली बरी, असे मला वाटले. तो घोळ असा: एएक्स २१० आणि एएक्स २११ ही दोन कार्डे दिसायला जवळजवळ सारखी आहेत आणि एकाच आकाराच्या जागेत बसू शकतात. एएक्स २१० हे पूर्ण कार्ड आहे, ते पीसीआय मार्गिकेवर स्वतःच्या बळावर चालते. एएक्स २११ मध्ये फक्त रेडिओचा भाग कार्डावर असतो आणि उरलेले काम इंटेलच्या नव्या प्रोसेसर-चिपसेटच्या पोटात होते. जुन्या लॅपटॉपमध्ये किंवा एएमडीच्या कोणत्याही यंत्रात एएक्स २११ बसवले तर ते नुसते बसते. ‘एलएसपीसीआय’मध्ये त्याचा मागमूसही दिसत नाही, आणि मग माणूस नसलेल्या ड्रायव्हरच्या शोधात रात्री घालवतो. आधीच्या पिढीतील एएक्स २०० आणि एएक्स २०१ यांच्यातही हाच फरक आहे.

पहिल्या दुकानात मला शांतपणे एएक्स २११ काढून देण्यात आले. “साहेब, हे एक नंबरने पुढचं आहे,” असे दुकानदार म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने ते खोटेही नव्हते. दुसऱ्या दुकानातील गृहस्थांनी मात्र लॅपटॉप कोणता हे आधी विचारले, त्याचे मागचे झाकण उघडलेला माझ्या फोनमधला फोटो मोठा करून पाहिला, आणि मगच एएक्स २१० काढले. १,८५० रुपये घेतले, पावती दिली. लिनक्सवर चालेल का, या प्रश्नावर “ते नाही सांगता येणार, विंडोजला गॅरंटी” असे प्रामाणिक उत्तर दिले. मला तेवढे पुरे होते. लिनक्सची खात्री मी घरून करून निघालो होतो.

बसवण्याचे काम पंधरा मिनिटांचे आहे, पण त्यातील पाच मिनिटे जपून करण्याची आहेत. मागचे झाकण काढल्यावर आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. कार्ड एका स्क्रूने धरलेले असते. तो काढला की कार्ड तिरके वर येते. कार्डाच्या टोकाशी अँटेनाच्या दोन बारीक वायरी असतात आणि त्यांची बटणे मोहरीच्या दाण्याहून थोडीच मोठी असतात. ती सरळ वर उचलायची असतात, ओढायची नसतात; पुन्हा पुन्हा काढणे-घालणे ती सहन करत नाहीत. एम.२ या नव्या घडणीच्या कार्डांवरील ही बटणे जुन्या मिनी-पीसीआय एक्सप्रेस कार्डांवरील बटणांपेक्षा लहान असतात, त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये कार्ड रूपांतरकाने बसवले तरी वायरी जुळत नाहीत. हे आधी पाहून घ्यावे.

माझ्याकडे वेगळाच प्रश्न होता. जुने कार्ड एका अँटेनाचे होते आणि त्याला एकच काळी वायर लावलेली होती. एएक्स २१० ला दोन हव्यात. नीट पाहिल्यावर दुसरी पांढरी वायर मदरबोर्डच्या कडेने पारदर्शक नळी चढवून चिकटपट्टीखाली दडवलेली आढळली. लॅपटॉप बनवणाऱ्याने पडद्याच्या चौकटीत दोन्ही अँटेना घातले होते आणि नंतर स्वस्त कार्ड लावून एक तसाच सोडला होता. नऊ वर्षे ती वायर तेथे वाट पाहत पडून होती. सर्वच लॅपटॉपांत असे नशीब नसते. दुसरी वायर नसेल तर पातळ चिकटणारा अँटेना वेगळा घ्यावा लागेल, नाहीतर कार्ड अर्ध्या ताकदीने चालेल. आणखी एक इशारा: काही जुन्या लॅपटॉपांचे बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम, फक्त ठरावीक कार्डेच स्वीकारतात आणि दुसरे दिसले की सुरू होण्यास नकार देतात. माझ्या लॅपटॉपमध्ये तसे नव्हते, पण आपल्या नमुन्याबद्दल ही चौकशी खरेदीपूर्वी करावी, नंतर नव्हे.

झाकण लावून यंत्र सुरू केले. लॉग-इनचा पडदा आला तेव्हाच वरच्या कोपऱ्यात वाय-फायचे चिन्ह होते. मी काहीही बसवले नव्हते, कोणतीही कमांड दिली नव्हती. ‘एलएसपीसीआय’मध्ये ८०८६:२७२५ हे आकडे आणि त्यांखाली ती बहुप्रतीक्षित ओळ दिसत होती. यातला ८०८६ हा इंटेलचा कंपनी-क्रमांक आहे. १९७८ सालच्या आपल्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा त्यांनी स्वतःसाठी घेऊन ठेवला आहे. कंपन्यांनाही जुन्या वैभवाचा मोह असतो.

हे इतके सहज का झाले, याचे निम्मे श्रेय डेबियनलाही आहे. कर्नलमधला ड्रायव्हर हा अर्धा भाग. कार्डाच्या स्वतःच्या छोट्या प्रोसेसरवर चालणारे फर्मवेअर हा दुसरा. ते फर्मवेअर दर वेळी सुरू होताना ड्रायव्हर कार्डात भरतो, आणि ते बंदिस्त आहे, त्याचा स्रोत कोणालाही मिळत नाही. या कारणाने डेबियन पूर्वी ते आपल्या अधिकृत स्थापना-चकतीत ठेवत नसे, आणि स्थापनेच्या मध्येच फर्मवेअरची फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हमधून मागणारा तो पडदा अनेकांच्या डेबियनशी झालेल्या पहिल्याच भेटीचा शेवट ठरत असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदलले, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर चकतीतच मिळू लागले. तत्त्वाशी तडजोड झाली असे मानणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला पटते; तरी ज्याच्याकडे दुसरे यंत्र नाही अशा माणसाच्या बाजूने हा निर्णय झाला, हेही खरे. माझ्या जुन्या कार्डाला या बदलाचा उपयोग झाला नव्हता, कारण त्याचे अडले होते ते ड्रायव्हरपाशी, फर्मवेअरपाशी नव्हे. या दोन गोष्टींतला फरक न कळल्याने पुष्कळ वेळ वाया जातो: ‘एलएसपीसीआय’मध्ये ड्रायव्हरची ओळ आहे आणि तरीही वाय-फाय नाही, तर फर्मवेअरकडे पाहावे.

ते पाहण्याची जागा म्हणजे कर्नलची नोंदवही. ‘डीमेसेज’ चालवून त्यात ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ शोधले, की पहिल्या नजरेला घाबरवणाऱ्या ओळी दिसू शकतात: अमुक क्रमांकाचे फर्मवेअर भरता आले नाही, त्रुटी उणे दोन. उणे दोनचा अर्थ फक्त ‘अशी फाइल नाही’ एवढाच आहे. ड्रायव्हर आपल्याला ठाऊक असलेल्या सर्वांत नव्या आवृत्तीपासून मागायला सुरुवात करतो आणि मिळेपर्यंत एकेक पायरी खाली उतरतो. शेवटी फर्मवेअर भरल्याची ओळ आली, की वरच्या ओळी विसराव्यात. याच ठिकाणी ‘योयो’ नाव असलेली एक फाइल सापडली नाही अशीही तक्रार दिसते. ती केवळ इंटेलच्या अभियंत्यांना दोषशोधनासाठी लागणारी फाइल आहे आणि सामान्य वापरात ती नसणेच अपेक्षित आहे. या निरुपद्रवी ओळीपायी किती जणांनी आपली चालती यंत्रणा पुन्हा बसवली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. इंटेलला ही ओळ थोड्या सौम्य शब्दांत लिहिता आली असती.

ब्लूटूथही त्याच क्षणी सुरू झाले होते. मात्र कार्डातले वाय-फाय पीसीआय मार्गिकेवर चालते आणि ब्लूटूथ त्याच खाचेतील यूएसबीच्या तारांवर. लॅपटॉपमध्ये सहसा दोन्ही असतात. डेस्कटॉपसाठी हेच कार्ड मोठ्या पट्टीवर बसवून विकले जाते. त्या पट्टीबरोबर एक छोटी वायर येते आणि ती मदरबोर्डवरील यूएसबीच्या खुंट्यांना जोडावी लागते. ती न जोडता ‘लिनक्सवर ब्लूटूथ चालत नाही’ असा निष्कर्ष काढणारे दोघे मला ठाऊक आहेत.

वेगाबद्दल बोलताना खोक्यावरील २.४ गिगाबिटचा आकडा बाजूला ठेवावा. तो १६० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी देणाऱ्या राउटरबरोबरचा आहे आणि माझा राउटर वाय-फाय ५ चा, ८० मेगाहर्ट्झचा आहे. त्याच्याशी दोन अँटेनांवर कार्डाची जोडणी ८६६.७ मेगाबिटवर होते, म्हणजे त्या राउटरच्या कमाल मर्यादेवर. हॉलमध्ये बसून वायरने जोडलेल्या दुसऱ्या संगणकाशी ‘आयपर्फ३’ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने मोजले असता प्रत्यक्ष वेग ५२० ते ५६० मेगाबिट मिळाला. माझी इंटरनेटची योजना १०० मेगाबिटची आहे; आतल्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे, जुन्या कार्डावर तिच्यातले ३० ते ३५ मिळत, आता ९० च्या वर मिळतात. यातला बराच फरक नव्या कार्डाच्या हुशारीचा नसून, जुने कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालत होते आणि आमच्या इमारतीत त्या पट्ट्यात प्रत्येक घराचा राउटर बोलत असतो, याचा आहे. कार्डाच्या ‘वाय-फाय ६ई एएक्स २१०’ या पूर्ण नावातल्या ‘६ई’ने सूचित होणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा माझ्या राउटरला पत्ताच नाही, त्यामुळे त्यासाठी मी गुण देत नाही आणि कापतही नाही.

वेगापेक्षा मला मोलाची वाटली ती स्थिरता. त्यानंतर कर्नल अनेकदा अद्ययावत झाला, बॅकपोर्ट्समधला नवा कर्नलही पुन्हा घेऊन पाहिला, आणि दर वेळी वाय-फाय कर्नलबरोबर आले. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर दोन-तीन सेकंदांत जोडणी परत येते. एक बदल मात्र मी केला: वाय-फायची वीजबचत बंद केली. ती सुरू असताना कार्ड मधूनमधून डुलकी घेते, आणि दूरच्या यंत्रावर टर्मिनलमधून काम करताना अक्षरे उमटण्यास सूक्ष्म विलंब होऊ शकतो. ही गोष्ट वाय-फायच्या बहुतेक कार्डांना लागू आहे. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ची किंमत २ केली, की बचत बंद होते. लॅपटॉप बहुधा टेबलावर वीज लावूनच असतो, त्यामुळे बॅटरीचे मला सोयरसुतक नाही. फिरतीवर असणाऱ्याने ती तशीच राहू द्यावी.

आता या कार्डाची खरी मर्यादा. इंटेलच्या कार्डांत आपण कोणत्या देशात आहोत हे कार्ड स्वतः आसपासच्या संकेतांवरून ठरवते, आणि त्यानुसार कोणत्या वाहिनीवर बोलायचे याचे नियम लावते. वापरणाऱ्याने ‘आयडब्ल्यू’ कमांडने भारताचा संकेत दिला तरी कार्ड आपलेच खरे करते. ग्राहक म्हणून राउटरला जोडले जाण्यात याने काही बिघडत नाही. परंतु लॅपटॉपलाच हॉटस्पॉट बनवायचे असेल तर ५ गिगाहर्ट्झवर ते सहसा करता येत नाही, २.४ वरच करावे लागते. ही तपासणी बंद करण्याचा पर्याय जुन्या ड्रायव्हरमध्ये होता, तो पुढे काढून टाकला गेला. त्यामुळे छोट्या डेस्कटॉपपासून घरगुती राउटर बनवण्याचा ज्यांचा बेत आहे, त्यांनी हे कार्ड घेऊ नये. त्यांच्यासाठी मीडियाटेकची, ‘एमटी७६’ या कर्नलमधल्याच ड्रायव्हरवर चालणारी कार्डे अधिक योग्य आहेत. लॅपटॉप उघडण्याची भीती वाटणाऱ्यांनाही त्याच घराण्यातील ‘एमटी७६१२यू’ चिप असलेला यूएसबी अडॅप्टर सोयीचा पडेल, कारण त्याचा आधार ४.१९ पासून कर्नलमध्ये आहे. मात्र खोक्यावर चिपचे नाव छापलेले नसते आणि एकाच नमुन्याच्या दोन आवृत्त्यांत वेगवेगळ्या चिप असू शकतात, त्यामुळे दुकानदाराकडून परत घेण्याचे वचन मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

१,८५० रुपये ही रक्कम नऊ वर्षांच्या लॅपटॉपवर घालावी का, असे घरातही विचारले गेले. मी जुन्या ड्रायव्हरवर घालवलेल्या संध्याकाळी मोजून दाखवल्या, त्यावर प्रश्न मिटला. कार्ड बसवल्यानंतरच्या रविवारी मी जुना ड्रायव्हर, त्याने मागे ठेवलेली इतर ड्रायव्हरांना मनाई करणारी फाइल, डीकेएमएस आणि सगळी हेडर्स काढून टाकली. कंपायलरही माझ्या कामाला लागत नसल्याने गेला. जुने कार्ड त्याच्या स्क्रूसह एका पाकिटात घालून ठेवले आहे आणि पाकिटावर ‘फक्त विंडोज’ असे लिहिले आहे.